सव्वीस किलो

वाशीच्या दाणाबंदरात माझं काम काट्यासमोर.
पंचवीस किलोच्या गोणीत आणखी एक किलो कोलम ओतायचा,
तोंड शिवायचं,
की गोणी कायद्याच्या हद्दीबाहेर.
पंचवीसपर्यंत पाच टक्के, वर काही नाही.
देढियाशेठ म्हणतात, हा एक किलो म्हणजे आपला मोक्ष.

हद्दीचं मला नवल नाही.
सतरा वर्षं एका हद्दीवरच पोट भरलं:
आनंदनगर नाका,
ठाणं संपतं नि मुलुंड लागतं तिथं
ट्रकवाल्यांची जकात भरून द्यायचो.
बिल्टी वाचायची, मालाची किंमत लावायची,
खिडकीत हात घालून पावती ओढायची.
कार्बनची निळाई बोटांवरून जायची नाही.
कुंदा म्हणायची, भाताला शाई लागतेय.

रांग कोपरीच्या पुलापलीकडे.
रांगेवर फुलाबाईंचे पोहे,
मुश्ताकचं पंक्चर,
फाटक्या ताडपत्र्या शिवणारा एक मुका,
आणि रांग सरकली की
झोपलेल्या ड्रायव्हरला उठवणारा पोऱ्या.
एका हाकेचे पाच रुपये.

तीस जूनला मध्यरात्र उलटली
आणि ट्रक न थांबता जायला लागले.
गुरमेल अकरा वर्षांच्या ओळखीचा,
त्यानं हॉर्न दिला, हात वर केला,
थांबला नाही.
त्याच्या गाडीची मागची बाजू मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिली.
मोर होता. एक डोळा रंगवायचा राहिलेला.

राग नाही आला, खरं सांगतो.
महिन्याला दोन रात्री जास्त घरी झोपेल, एवढंच मनात आलं.
फुलाबाईंनी मात्र सवयीनं
चार किलो पोहे भिजवून ठेवले होते.

मग ती रांग गेली कुठं?
वागळे इस्टेटात, सोळा नंबरच्या रस्त्याला,
कानविंद्यांच्या लेथवर मला ती सापडली.
पुण्याच्या कंपनीला बुश पाठवून चार महिने झाले,
बिलाचे पैसे नाहीत,
बिलावरचे अठरा टक्के मात्र खिशातून गेले.
वर पितळवाल्यानं रिटर्न भरलं नाही
म्हणून यांचं क्रेडिट अडकलेलं.
"सगळं खरंय हो माझं," कानविंदे म्हणतात,
"खोटं फक्त शेजारच्याचं, आणि दंड मला."
वीस तारखेच्या रात्री पडद्यावर
एक चक्र गोल गोल फिरतं.
तीच ती रांग.
फक्त तिच्या कडेला बसून पोहे विकता येत नाहीत.

सुजय, आमचा थोरला,
भिवंडीकडच्या गोदामात स्कॅनर मारतो.
तीन राज्यांचा माल एका छताखाली,
छत एवढं मोठं की आत कबुतरं वाट चुकतात.
माझ्या नाक्यावरच्या चांगल्या महिन्यापेक्षा
त्याचा पहिला पगार जास्त.
जेवताना म्हणाला, बाबा, तुम्ही लोक अडथळा होतात.
कुंदानं त्याच्याकडे डोळे वटारले.
मी आमटी मागितली.
बरोबरच होतं त्याचं.

काल बारा बंगल्याच्या किराण्यात फुलाबाई भेटल्या.
आता दोन घरी स्वयंपाक करतात.
पाच किलोची पिशवी घेतली, तीनशेची.
माझं डोकं थांबेना: त्यात चौदा रुपये, वर चिल्लर.
म्हटलं, सुटा घ्या की, सुट्याला कर नाही.
म्हणाल्या, सुट्यात खडे असतात,
वेचायला डोळे कुठून आणू?
मग मी सव्वीसच्या गोणीचं सांगितलं, माझ्या हातानं भरलेल्या.
त्या हसल्या.
"एवढे पैसे एका दमात कुणाकडे असतात?"

ज्याच्याकडे पिंप असतं त्याच्याकडे,
असं म्हणणार होतो.

पिशवीचा एक बंद त्यांनी धरला, एक मी,
आणि पुलावरून निघालो.
मधे कुणी अडवलं नाही.